कवटीतल्या खिडक्या



आधी एक छोटी कृती करा, मुलांकडूनही करून घ्या. दोन्ही हातांची बोटे कानशिलांवर ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी फुगते ना? तो जबडा मिटणारा स्नायू. तो कवटीच्या बाजूवरून निघतो, गालाच्या हाडाच्या आतून खाली उतरतो आणि खालच्या जबड्याला जोडला जातो. त्याला ही जागा मिळाली कशी? ही गोष्ट ३० कोटी वर्षांहून जुनी आहे.

कॅनडात नोव्हा स्कोशियातील जॉगिन्स येथे समुद्राकाठच्या कड्यांत प्राचीन झाडांचे बुंधे उभेच्या उभे दगड झालेले दिसतात. अशा पोकळ बुंध्यांत जॉन विल्यम डॉसन यांना एका छोट्या प्राण्याची हाडे सापडली. १८६० मध्ये त्यांनी त्याला 'हायलोनोमस' हे नाव दिले. शेपटीसकट लांबी साधारण २० सेंटीमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या पालीपेक्षा थोडा मोठा! त्याच्या डोळ्यामागे कवटीच्या बाजूला सलग हाड होते. जबड्याचे स्नायू जणू बंद पेटीत.

पुढे या भिंतीत खिडक्या पडल्या. अमेरिकेतील कॅन्सासमध्ये सापडलेल्या, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या 'पेट्रोलॅकोसॉरस' या सरड्यासारख्या प्राण्याच्या कवटीत डोळ्यामागे प्रत्येक बाजूला दोन छिद्रे आहेत. डायनोसॉर, मगरी, सरडे, साप आणि पक्षी याच दोन छिद्रांच्या मोठ्या घराण्यातले. दुसऱ्या शाखेत प्रत्येक बाजूला एकच छिद्र पडले. सस्तन प्राणी, म्हणजे आपणही, त्या शाखेतले. छिद्र म्हणजे हाडातली उणीव नव्हे. फुगणाऱ्या स्नायूला जागा मिळते आणि छिद्राच्या कडेला त्याला घट्ट पकड मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आता माझी चूक सांगतो. फळ्यावर मी वर्षानुवर्षे तक्ता काढायचो: छिद्र नाही, एक छिद्र, दोन छिद्रे. पहिल्या रकान्यात कासव! कारण त्याच्या कवटीत अशी छिद्रे नाहीत. पण जर्मनीत सापडलेल्या, सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या 'पॅपोचेलिस' या कासवाच्या नातेवाइकाचे वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या कवटीत दोन छिद्रे दिसली. कासवे मगरी आणि पक्ष्यांच्या जवळची आहेत, हे डीएनएच्या अभ्यासातूनही दिसते. म्हणजे कासवाच्या खिडक्या नंतर बुजल्या.

तेव्हा तक्ता जरूर काढा, पण मुलांना एक प्रश्न विचारा: "घराला खिडकी दिसत नाही, मग ती कधी नव्हतीच, की नंतर बुजवली?" दोन्ही घरे बाहेरून सारखीच दिसतात. फरक कळतो तो जुना पुरावा हाती आल्यावर. उत्तर पाठ झाले नाही तरी चालेल, हा प्रश्न मुलांच्या डोक्यात राहिला पाहिजे.