परतीच्या पाखरांची शिदोरी

हिवाळ्यात पाहुणे पक्षी आपल्या जलाशयांवर येतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. ते परत केव्हा व कसे जातात, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वास्तविक फाल्गुन-चैत्रातील परतीचा प्रवास अधिक घाईचा असतो. उत्तरेकडील उन्हाळा आखूड; तेवढ्यात घरटे बांधून पिले वाढवावी लागतात.

भीमेवरील उजनी, पैठणचा नाथसागर आणि निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर ही या पक्ष्यांची आपल्याकडील प्रमुख ठाणी होत. तिन्ही जलाशय मानवनिर्मित आहेत, हे विशेष. नांदूर मध्यमेश्वरला २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाला.

सर्व पक्षी एकदम निघत नाहीत. पट्टकादंब हा हंसकुळातील पक्षी मार्चच्या सुमारास हलतो. हिमालय ओलांडताना तो ७,००० मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद आहे. त्यामागून चक्रवाक व थापट्यासारखी बदके जातात. पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर आणि ज्वारीवर तुटून पडणाऱ्या भोरड्या एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे वळतात. पिवळा धोबी जाण्यापूर्वी गर्द पिवळा होतो. विणीचा वेष तो इथेच चढवतो. रोहित मात्र बऱ्याचदा पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रेंगाळतात.

निघण्याची वेळ त्यांना कोण सांगते? दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातील ग्रंथींचे कार्य बदलते, भूक वाढते आणि कातडीखाली चरबी साठू लागते. हीच त्याची शिदोरी. छोटा टिलवा जेमतेम २० ते ३० ग्रॅम वजनाचा. पण त्याला थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडील टुंड्रा प्रदेश गाठायचा असतो. वाटेत मुक्काम होतात, तरी शिदोरी कमी पडली तर प्रवास अर्ध्यावर संपतो.

ही शिदोरी त्याला मिळते चिखलात. उन्हाळ्यात धरणाचे पाणी हटते आणि काठावर ओला गाळ उघडा पडतो. त्यात अळ्या, किडे, गोगलगायी विपुल असतात. ‘धरण आटले’ म्हणून आपण हळहळतो, तेव्हा टिलव्याचे पान वाढलेले असते. अर्थात पाणी फार लवकर हटले तर गाळ वाळून कडक होतो आणि चोच आत शिरत नाही. पाणी हळूहळू उतरणे महत्त्वाचे.

परंतु याच गाळावर माणसाचीही भिस्त आहे. धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांना गाळपेर जमिनीतील चारा व कलिंगडे यांचा आधार असतो. ज्याचे घरदार पाण्याखाली गेले, त्याला ‘पक्ष्यांसाठी ही जमीन सोड’ असे सांगणे न्यायाचे होणार नाही. शिवाय त्याच काठावरून मातीचा उपसा होतो, कचरा पडतो व सांडपाणीही मिसळते. त्याला पोटाची सबब नाही. आधी आळा घालायचा तो तिथे. आणि पाण्यालगतची ओली पट्टी वैशाखापर्यंत न नांगरता राहिली, तर शेतकऱ्याचे फारसे न बिघडता पक्ष्याचे काम भागेल.

आपल्यापैकी अनेकजण धरणकाठच्या गावांतून येतात. कोणता पक्षी अखेरचा कोणत्या तारखेस दिसला, एवढे जरी प्रत्येकाने वहीत लिहिले, तरी काही वर्षांत उपयुक्त नोंद तयार होईल. त्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो.