गर्दीवाचून स्मरण
(संडे स्कूलच्या मोठ्या वर्गासाठी व घरच्या अभ्यासासाठी)

मोठा आनंद झाला म्हणजे माणसे एकत्र येतात. मोठे दुःख झाले तरी येतात. परंतु एकत्र येणेच धोक्याचे असेल तर काय करावे? दोन प्रसंगांवरून याचा विचार करू.

पहिला प्रसंग १९१८ सालचा. ११ नोव्हेंबर रोजी पहिले महायुद्ध थांबले. चार वर्षांचा संहार संपला म्हणून लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथे लोक रस्त्यांवर लोटले. त्याच काळात इन्फ्लुएन्झाची साथ जगभर बळी घेत होती. आपल्याकडे ती जूनमध्ये मुंबई बंदरात दिसली आणि आगगाडीच्या मार्गांनी पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने दगावली. त्या दिवशीचा आनंद खरा होता. पण आनंदाच्या भरात साथीचे भान सुटले.

दुसरा प्रसंग २०२० सालचा. युरोपातील दुसरे महायुद्ध ८ मे १९४५ रोजी संपले, त्याला पंचाहत्तर वर्षे होत होती. ब्रिटनने त्यासाठी मे महिन्यातील सोमवारची सुट्टी शुक्रवार, ८ मे या दिवशी आणली होती. मिरवणुका, गल्लीगल्लीतील मेजवान्या, सारे ठरले होते. इतक्यात कोविड-१९ची साथ आली. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, चर्चची दारेही बंद झाली.

मग स्मरण झालेच नाही काय? झाले. सकाळी ११ वाजता लोकांनी आपापल्या घरी दोन मिनिटे स्तब्धता पाळली. रात्री ९ वाजता, १९४५ साली ज्या घटकेला सहावे जॉर्ज बोलले होते त्याच घटकेला, त्यांची कन्या राणी दुसरी एलिझाबेथ राष्ट्राशी बोलली. बर्लिनमध्ये मोजक्याच पदाधिकाऱ्यांनी पुष्पचक्र वाहिले. मॉस्कोचे ९ मेचे संचलन २४ जूनवर गेले.

यात खरी झळ कोणाला लागली? वृद्ध सैनिकांना. बहुतेकांनी नव्वदी ओलांडलेली. पुढचा मोठा स्मरणदिन पाहण्याची त्यांना आशा थोडी. आणि या आजाराचे भय सर्वांत अधिक त्यांनाच. ज्यांचा सन्मान करायचा, त्यांच्यापासूनच दूर राहणे भाग होते. हे कठीण होते, तरी योग्य होते.

असे का म्हणावे, हे आपल्याच एका शिपायावरून कळते. ज्या मराठा पायदळाचे केंद्र आज बेळगावी आहे, त्यातील नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर लढत होते. गोळीबार चालू असता त्यांनी एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून व सुरुंग पेरलेल्या जागेतून सुखरूप नेले. परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. मगच ते शत्रूच्या मशीनगनांवर चालून गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा माणसांचे स्मरण करताना दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे शोभेल काय? त्यांनी जीव वाचवले. तेव्हा जीव जपणे हेच त्यांचे खरे स्मरण.

शिक्षकांनी वर्गात पुढील प्रश्न चर्चेस घ्यावेत :

१. १९१८ व २०२० च्या स्मरणात मुख्य फरक कोणता?

२. टाळेबंदीत आपल्या घरातील कोणता लग्नसमारंभ, सण वा अंत्यविधी मोजक्या माणसांत झाला? त्या वेळी आजी-आजोबांना काय वाटले, ते त्यांनाच विचारा.

३. दोन मिनिटांच्या स्तब्धतेत आपण मनात काय आणावे?