घोड्यांचा आसरा : जीव वाचविणे आणि जीव सांभाळणे



काम करीनासे झालेले जनावर कोणाचे? धन्याने ते टाकले, वाटसरूने त्याच्याकडे पाहिले न पाहिल्यासारखे केले, आणि खाटकाने मात्र त्याची किंमत ठरविली. बैलाविषयी हा प्रश्न आपल्या गावांत नेहमी निघतो. घोड्याविषयी तो क्वचितच निघतो. म्हणून ह्या पाठात घोड्याविषयी विचार करू. नीतिसूत्रांच्या १२ व्या अध्यायातील १० वे वचन आरंभी वाचून घ्यावे.

१. रानघोडा कोणास म्हणावे?

ज्याच्या पूर्वजांनी मनुष्याचे खोगीर कधी वाहिले नाही असा रानघोडा म्हणून आज मंगोलियाच्या माळावरील प्रझेवाल्स्कीचा घोडा दाखविला जातो. १९६० नंतरच्या दशकात तो रानातून नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत जी थोडी जनावरे उरली होती, त्यांची संतती १९९२ पासून पुन्हा माळावर सोडण्यात आली. इतर ठिकाणी ज्यांस रानटी घोडे म्हणतात, ते पाळीव घोड्यांचेच वंशज होत. आसामातील डिब्रू-सैखोवाच्या अरण्यात असे कळप आहेत. अमेरिकेतील कळप स्पेनहून आलेल्या लोकांच्या व त्यांच्यामागून आलेल्या वसाहतवाल्यांच्या घोड्यांपासून वाढले.

त्या अमेरिकन घोड्यांस पकडून त्यांचे मांस कुत्र्यांच्या खाद्यासाठी विकण्याचा धंदा पुष्कळ वर्षे चालला. नेव्हाडा प्रांतात व्हेल्मा जॉन्स्टन नावाची एक कारकून बाई होती. १९५० साली तिने घोड्यांनी भरलेल्या एका गाडीतून रक्त गळताना पाहिले, आणि तेव्हापासून ती ह्या कामास लागली. तिच्या सांगण्यावरून शाळेतील मुलांनी सरकारास पत्रे लिहिली. १९५९ साली एक कायदा झाला, आणि १९७१ साली त्याहून मोठा कायदा होऊन रानातील घोड्यांस संरक्षण मिळाले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. ज्या कळपास कोणी मारीत नाही तो चार-पाच वर्षांत दुप्पट होऊ शकतो. गवत व पाणी मात्र दुप्पट होत नाही. म्हणून तेथील सरकारास हजारो घोडे धरून कुरणांत व कोंडवाड्यांत पोसावे लागतात, आणि कित्येक घोड्यांस गर्भ राहू नये म्हणून लस टोचावी लागते. सुरीपासून वाचविणे हा कामाचा पहिला अर्धा भाग होय. दुसरा अर्धा भाग अधिक लांबचा व अधिक खर्चाचा आहे.

२. आपल्या जवळची उदाहरणे

मुंबईत १८३२ साली रस्त्यांतील कुत्रे मारण्यावरून मोठा दंगा झाला. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा ह्यांनी तेथे पांजरपोळ स्थापन केला. टाकलेल्या जनावरांस आयुष्यभर आसरा द्यावा, ही कल्पना आपल्या देशात अशी जुनी आहे. पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि तेथेच १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले.

ह्याच मुंबईत व्हिक्टोरिया गाड्या चालत असत. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मौजेसाठी चालणाऱ्या ह्या गाड्या बेकायदेशीर ठरविल्या आणि त्या एका वर्षात बंद करण्यास सांगितले. तबेल्यांस परवाने नव्हते, हेही निकालात आले. त्याबरोबरच, ज्या कुटुंबांचे पोट ह्या गाड्यांवर होते त्यांच्या पुनर्वसनाची योजना सरकारने करावी, असेही न्यायालयाने सांगितले. ही दुसरी आज्ञा आपण विसरू नये. घोड्याची दया येऊन मोतद्दाराच्या मुलांची भाकर हिरावली, तर दुःख एका दारातून काढून दुसऱ्या दारात लोटल्यासारखे होईल. आणि ज्याचा धंदा बुडाला, तो कामास न येणाऱ्या घोड्यास चंदी कोठून घालणार?

करंजाडेच्या वाचकांस हे सांगण्याचे विशेष कारण आहे. पूर्वेकडील डोंगरात माथेरान आहे. तेथे मोटारींस बंदी असल्यामुळे माणसे व सामान घोड्यांवरून जाते. २०२० साली प्रवासी येईनासे झाले, तेव्हा घोडेवाला व घोडा ह्या दोघांवरही एकदमच उपासमारीची पाळी आली. शिवाय करंजाडे येथे आता सिडकोची वसाहत झाली असून, विमानतळासाठी ज्यांची घरे गेली अशी कुटुंबेही ह्या भागात येऊन राहिली आहेत. ठाव सुटणे म्हणजे काय, हे त्यांस दुसऱ्या कोणी शिकवावयास नको.

३. दया आणि हिशेब

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजी सैन्याने आपले हजारो घोडे मिसर देशात विकून टाकले. १९३० साली डोरोथी ब्रूक ही बाई कैरो शहरी आली, तेव्हा त्यांतील उरलेले घोडे म्हातारपणी, लंगडत, गाड्या ओढीत होते. तिने १९३१ साली लंडनच्या एका वर्तमानपत्रात पत्र लिहिले, पैसे आले, आणि तीन वर्षांत तिने सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. मालकांस तिने दोष दिला नाही, पैसे दिले. पुष्कळ घोडे इतके थकलेले होते की थोडे दिवस विसावा व पोटभर खाणे देऊन त्यांचा वेदनेवाचून अंत करावा लागला. मग १९३४ साली तिने तेथे घोड्यांचे रुग्णालय काढले.

हिशेबावाचून दया कशी अडचणीत येते, हे आर्थर ब्रूम ह्या पाळकाच्या चरित्रावरून कळते. १८२४ साली लंडनात जनावरांवरील क्रूरपणा थांबविण्यासाठी जी मंडळी स्थापन झाली, तिचा तो पहिला चिटणीस होता. मंडळीच्या कर्जापायी त्यास तुरुंगात जावे लागले.

म्हणून आसरा देऊ इच्छिणाऱ्याने आधी बसून मोजावे. घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगू शकतो. ३०० किलो वजनाच्या घोड्यास दररोज सुमारे सहा किलो सुका चारा व दोन-तीन बादल्या पाणी लागते. दीड-दोन महिन्यांनी खूर कापून नीट करावे लागतात. त्यास कळपाची सोबत लागते, आणि पावसाळ्यात कोरडी जमीन लागते. एका घराच्या अंगणात हे होत नाही. पुष्कळांनी मिळून ठरावीक वर्गणी दिली तर होते.

४. टाकलेला घोडा दिसल्यास काय करावे?

अन्नसुरक्षेच्या नियमांत मांसासाठी कापावयाच्या जनावरांत घोड्याची गणना नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावर उपाशी मरेल असे टाकून देणे, फार ओझे लादणे व आजारी जनावरास कामास जुंपणे हे गुन्हे आहेत. छळलेले जनावर पांजरपोळात पाठवून त्याचा खर्च धन्याकडून घेण्याचा अधिकारही न्यायाधीशास आहे. ह्यासाठी :

(अ) प्रथम धन्याचा शोध करावा. कदाचित तो स्वतःच अडचणीत असेल.

(आ) पाणी थोडे थोडे पाजावे व सुके गवत थोडे थोडे घालावे. उपाशी घोड्यास एकदम धान्य घालू नये. घोड्यास ओकारी होत नाही, आणि पोटशूळाने तो मरतो.

(इ) नाकातून घट्ट स्राव व अंगावर व्रण असल्यास हात लावू नये. तो ग्लँडर्स रोग असू शकतो, आणि तो मनुष्यासही होतो.

(ई) १९६२ ह्या क्रमांकावर सरकारी पशुवैद्यास कळवावे. क्रूरपणा दिसल्यास पोलिसांसही कळवावे.

मनन करण्यासाठी प्रश्न

१. कायदा झाल्यावरही अमेरिकेतील घोड्यांचा प्रश्न का उरला?
२. व्हिक्टोरिया गाड्यांच्या निकालात घोडा व मनुष्य ह्या दोघांचा विचार कसा झाला?
३. ब्रूक बाईने घोडेवाल्यांशी कसे वर्तन केले? त्यापासून आपण काय शिकावे?
४. आपल्या गावात म्हातारे किंवा टाकलेले जनावर कोणते आहे? त्याचा पुढच्या महिन्याचा चारा कोण देईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मंडळीत बसून, नावे व आकडे लिहूनच द्यावे.