रॅम वाढविली आणि संगणक मुका झाला

मी कला शाखेचा विद्यार्थी; मराठी व इतिहास हे माझे विषय. तेव्हा संगणकाच्या दुरुस्तीवर लेखणी चालविणे हा आगाऊपणा वाटेल. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यावर जो प्रसंग आला, तो आपल्यापैकी पुष्कळांवर येण्याजोगा आहे, म्हणून लिहितो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आईने कापूस वेचणीच्या मजुरीतून पैसे साठवून मला एक जुना संगणक घेऊन दिला. गावातल्या लोकांचे अर्ज त्यावर भरून मी एस.टी.च्या पासाचा खर्च भागवितो. त्यात २ जीबीची एकच रॅमपट्टी होती. एक पान उघडेपर्यंत चहा होई. म्हणून तालुक्याच्या दुकानातून ४ जीबीची जुनी पट्टी आणली, बसविली नि बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला. पडदा मात्र काळा, आणि आतून थांबून थांबून शिट्ट्या.

"मोडलं का रे?" आईने दारातून विचारले. मला उत्तर देववेना.

संगणक सुरू होताना बायॉस ही आज्ञावली प्रथम स्वतःच्याच यंत्राची तपासणी करते. रॅम सापडली नाही तर पडद्यावर अक्षर उमटविण्याइतकीही तयारी झालेली नसते. म्हणून ती शिट्टीने बोलते. शिट्ट्यांची भाषा बायॉसगणिक निराळी, पण रॅम घातल्यावरच त्या सुरू झाल्या तर पहिला संशय रॅमवरच घ्यावा.

मी प्लग काढला, उरलीसुरली वीज जावी म्हणून बटण दाबून धरले, आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला. नवी पट्टी काढली. तरी चालू होईना! इथे मी खरोखर घाबरलो. मग जुनीही काढून पाहिली, तर तिचे सोनेरी दात काळवंडलेले. पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने ते हलकेच पुसले, चुरा झटकला आणि कडेच्या खिट्ट्या 'टक्' वाजेपर्यंत पट्टी दाबली. संगणक उठला. नवी घालताना जुनीलाच धक्का लागला असावा.

आता तिच्याच खाचेत एकटी नवी पट्टी घातली. पुन्हा शिट्ट्या. दोन्ही डीडीआर३च, डीडीआर४ असती तर मधली खाच न जुळल्याने ती बसलीच नसती. लेबल वाचले तेव्हा उलगडा झाला. जुनीवर 'पीसी३-१०६००यू', नवीवर 'पीसी३-१०६००आर'. तो 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, अर्थात सर्व्हरची रॅम. खाचेत बिनतक्रार बसते, घरगुती संगणकात चालत नाही.

दुकानदार म्हणाले, "तूच बसवताना जाळलीस." मी दोन्ही लेबले समोर ठेवली. चष्मा काढून त्यांनी ती दोनदा वाचली आणि न बोलता पट्टी बदलून दिली.

याउपरही कोणाचे यंत्र अडले, तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून पाहावा. जुने सेटिंग पुसले जाते, तारीख मात्र पुन्हा लावावी लागते. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटे काळा पडदा राहू शकतो. घाईने बटण दाबू नये.

माझ्या संगणकात आता ६ जीबी आहे, पण वापरता येते तीनाच्या वर थोडी. माझे विंडोज ३२ बिटचे निघाले. त्याची धाव ४ जीबीपर्यंतच, आणि त्यातलाही काही भाग इतर सुट्या भागांच्या वाट्याला जातो. ६४ बिटचे घालायचे तर सारे नव्याने भरावे लागेल. सध्या लोकांचे अर्ज पेनड्राइव्हवर उतरवून घेतो आहे.