मुक्या जिवाची वर्दी
प्रश्न : आमची 4 महिन्यांची कुत्री बाहेर जाण्याची निकड कळवीत नाही, उपाय सुचवावा.

उत्तर : तिला शिक्षा मुळीच करू नका, मार खाल्लेले पिल्लू स्वच्छता न शिकता केवळ आडोशाला विधी उरकण्यास शिकते, हे मी फार कळवळून सांगतो. दाराच्या कडीला, तिच्या नाकाच्या उंचीवर लोंबेल असे, एक घुंगरू बांधावे, आणि कुतूहलाने तिने त्यास नाक लावताच विनाविलंब खाऊ द्यावा. हा स्पर्श अंगवळणी पडल्यावर, दर खेपेस तो करवूनच दार उघडावे, म्हणजे त्या नादाचा आणि अंगणाचा संबंध तिच्या चित्तात दृढ होतो. घुंगरू वाजताच, मध्यरात्रीही, हुकमाची तामिली व्हावी. मात्र विधी उरकताच परत आणावे, नाहीतर खेळासाठीही वर्दी येऊ लागेल. झोपेनंतर व जेवणानंतर मात्र वर्दीची वाट न पाहता तिला बाहेर न्यावे.