ब्रिटनमधील चिनी वंशाची कर्तबगार माणसे

कोणत्याही देशातील अल्पसंख्य समाजाचा विचार करू लागले, की पहिली अडचण उभी राहते ती मोजदादीची. ब्रिटनमधील चिनी वंशाच्या लोकांबाबत ती विशेष जाणवते. तेथील जनगणनेत वांशिक गटाविषयीचा प्रश्न प्रथम विचारला गेला तो १९९१ साली आणि त्या यादीत ‘चिनी’ असा एक पर्याय होता; परंतु ज्याची आई इंग्रज व बाप चिनी, अशा माणसास स्वतंत्र रकाना मिळण्यास २००१ साल उजाडावे लागले. २०२१ च्या गणनेत इंग्लंड व वेल्समध्ये स्वतःस चिनी म्हणवणाऱ्यांची संख्या साडेचार लाखांच्या आसपास भरली. या समाजातून ज्यांनी नाव मिळवले, त्यांपैकी काहींचा जन्म शांघायचा, काहींचा हाँगकाँगचा, तर काही लिव्हरपूलच्या गोदीलगतच्या गल्ल्यांत वाढलेले. त्यांची बोली एक नाही, शिक्षण एक नाही, राजकीय मते तर मुळीच एक नाहीत. तरीही त्यांची चरित्रे शेजारी ठेवून वाचली असता एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते, ती ही की, ब्रिटनने त्यांचे काम तत्परतेने पत्करले. त्यांस आपल्या दप्तरात जागा देताना मात्र हात आखडता घेतला.

शेन फुत्सुंग हा ख्रिस्ती झालेला चिनी तरुण १६८७ साली इंग्लंडमध्ये होता. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील चिनी पुस्तके कोणती व कशाविषयीची आहेत, हे त्याने तेथील पंडितांस उलगडून दाखविले आणि राजचित्रकार गॉडफ्रे नेलर याने त्याचे पूर्णाकृती चित्र रंगविले. पण शेन हा पाहुणा होता; आला तसा निघून गेला. वस्ती करून राहिलेल्या चिन्यांचा इतिहास सुरू होतो तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांपासून. कँटनचा चहा घेऊन येणाऱ्या या जहाजांवर चिनी खलाशी असत आणि लंडनच्या गोदीत माल उतरल्यावर परतीचे जहाज मिळेपर्यंत त्यांच्या राहण्याखाण्याची व्यवस्था करावी लागे. हिंदी खलाश्यांची, ज्यांस इंग्रज ‘लास्कर’ म्हणत, स्थितीही याहून निराळी नव्हती. चिनी खलाश्यांची व्यवस्था पाहणारा जॉन अँथनी हा मनुष्य स्वतः चिनी होता. या कामात त्याने चांगला पैसा मिळविला. परंतु परकीयास इंग्लंडमध्ये जमीन धारण करता येत नसे. तेव्हा त्याच्यासाठी पार्लमेंटला खास कायदा करावा लागला आणि १८०५ साली तो ब्रिटिश प्रजाजन झाला. हा मान मिळविणारा तो पहिला चिनी. दुर्दैवाने त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला.

एडिंबरोच्या विल्यम मकाव याची हकीकत अधिक चमत्कारिक आहे. नोकर म्हणून स्कॉटलंडमध्ये आलेला हा चिनी तरुण पुढे अबकारी खात्यात हिशेबनीस झाला आणि सुमारे चाळीस वर्षे त्याने तेथे चाकरी केली. बँक ऑफ स्कॉटलंडच्या स्थापनेच्या १६९५ सालच्या कायद्यात असे एक कलम होते की, बँकेचा भाग विकत घेणारा परकीय आपोआप स्कॉटलंडचा नागरिक ठरेल. मकावने भाग विकत घेऊन न्यायालयाकडे दाद मागितली. १८१८ साली निकाल त्याच्या बाजूने लागला, तो स्कॉटिश झाला. आणि दोनच वर्षांत वरिष्ठ न्यायाने तो निर्णय फिरविल्यामुळे पुन्हा परकीय झाला. मधल्या काळात त्याच्या राहणीत, कामात किंवा शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांत काय फरक पडला असेल, तो ज्याचा त्याने कल्पावा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्ट यांच्या ‘ब्लू फनेल’ कंपनीने चीनशी थेट आगबोटींची वाहतूक सुरू केली आणि तेथील गोदीजवळ चिनी वस्ती वाढू लागली. लंडनमध्ये हीच वस्ती लाइमहाउस भागात होती. खलाश्यांची वसतिगृहे, किराणा दुकाने व लाँड्र्या एवढाच तिचा पसारा. परंतु सॅक्स रोमर या लेखकाने १९१२ साली फू मांचू हा कारस्थानी चिनी खलनायक जन्मास घातला आणि वाचकांच्या डोळ्यांपुढे लाइमहाउस म्हणजे अफूचे अड्डे असे चित्र कायमचे ठसले. बंगाल-बिहारात व माळव्यात पिकलेली अफू कलकत्ता आणि मुंबई या बंदरांतून चीनमध्ये नेऊन ज्या व्यापाऱ्यांनी इमले उठविले, त्यांच्याच देशात अफूचे पाप चिन्यांच्या माथी बसावे, हा योगायोग भारतीय वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूल हे अटलांटिकमार्गे येणाऱ्या रसदेचे मुख्य बंदर होते आणि ब्रिटिश मालवाहू जहाजांवर हजारो चिनी खलाशी काम करीत होते. जर्मन पाणबुड्यांचा धोका सर्वांस सारखाच असला, तरी चिनी खलाश्यांस युद्धभत्ता ब्रिटिशांइतका मिळत नसे. १९४२ साली त्यांनी संप केला तेव्हा कोठे त्यांच्या पदरात काही पडले. शेकडो खलाश्यांनी तेथील मुलींशी संसार थाटले होते. युद्ध संपले. ऑक्टोबर १९४५ मध्ये लंडनमध्ये गृहखात्याच्या कचेरीत एक बैठक भरली आणि त्यानंतर जी फाइल सुरू झाली, तिच्यावर विषय म्हणून ‘अनिष्ट’ चिनी खलाश्यांची सक्तीची रवानगी अशी नोंद आहे. पोलिसांनी वसतिगृहांतून व घरांतून माणसे उचलली आणि ती जहाजांवर चढविली. पुष्कळ बायकांस नवरा कोठे गेला हे कळलेच नाही. आपणांस टाकून गेला, असेच त्या समजून चालल्या. त्यातून त्या काळच्या कायद्याप्रमाणे परकीयाशी लग्न करणारी ब्रिटिश स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावीत असे. हा नियम १९४८ साली बदलला. मुलांना सत्य समजले ते कागदपत्रे खुली झाल्यावर, म्हणजे अर्धशतकानंतर, आणि तोवर त्यांपैकी बहुतेकांचे बाप हयात नव्हते. २००६ साली लिव्हरपूलच्या नदीकाठी या खलाश्यांच्या स्मरणार्थ एक फलक बसविण्यात आला. आणि रवानगीत बळजबरी झाली होती, हे गृहखात्याच्या अहवालाने मान्य केले ते २०२२ साली.

याच लिव्हरपूलमध्ये फ्रँक सू हा फुटबॉलपटू वाढला. त्याचा जन्म १९१४ साली बक्स्टन येथे झाला. वडील चिनी, लाँड्रीचा व्यवसाय करणारे, आई इंग्रज. १९३३ साली स्टोक सिटी संघाने त्यास घेतले आणि त्याच वर्षी तो इंग्लिश लीगमध्ये खेळू लागला. चिनी वंशाचा खेळाडू लीगच्या मैदानावर उतरण्याची ही पहिलीच वेळ होती. स्टॅन्ली मॅथ्यूज हा जगप्रसिद्ध खेळाडू त्याच संघात होता. मॅथ्यूजच्या धावण्याकडे प्रेक्षकांचे डोळे लागत, तर सूचे सामर्थ्य चेंडू अचूक पुढे देण्यात होते. धसमुसळेपणाला शौर्य समजणाऱ्या त्या काळात त्याचा नीटनेटका खेळ जाणत्यांस विशेष भावे. पुढे तो संघाचा कर्णधारही झाला. युद्धकाळात तो हवाई दलात दाखल झाला. त्याचा एक भाऊ त्याच दलात असताना कामी आला. १९४२ ते १९४५ या काळात फ्रँक सू इंग्लंडच्या संघातून नऊ वेळा खेळला. इंग्लंडचा पोशाख अंगावर चढविणारा, श्वेतवर्णीय नसलेला असा खेळाडू त्यापूर्वी झाला नव्हता. मात्र युद्धकाळातील हे सामने अधिकृत धरले गेले नाहीत, त्यामुळे आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव येऊ शकले नाही. हा नियम सर्वच खेळाडूंस सारखा लागू होता, हे खरे. परंतु इतर अनेकांस युद्धापूर्वी किंवा नंतर अधिकृत सामन्यात खेळण्याची संधी मिळाली, ती सूला मिळाली नाही. खेळणे थांबविल्यावर तो शिक्षक म्हणून परदेशी गेला. इटलीत काम केले, आणि १९५५ साली त्याच्या हाताखाली स्टॉकहोमच्या युरगॉर्डेन संघाने स्वीडनचे अजिंक्यपद मिळविले. १९९१ साली तो वारला, तेव्हा इंग्लंडमध्ये त्याचे नाव फार थोड्यांस ठाऊक होते.

युद्धानंतर चिनी समाजाचे स्वरूप बदलले. हाँगकाँगच्या नवप्रदेशातील भातशेती स्वस्त परदेशी तांदळापुढे टिकेना, तेव्हा गावेच्या गावे ब्रिटनकडे निघाली आणि जवळजवळ प्रत्येक ब्रिटिश शहरात चिनी उपाहारगृह किंवा जेवण बांधून देणारे ‘टेकअवे’ दुकान उभे राहिले. ही जेवणे इंग्रजांच्या जिभेस रुळवून त्यामागील पाककलेची ओळख करून देण्याचे श्रेय बव्हंशी केनेथ लो यांस द्यावे लागेल. फूचौचे हे केंब्रिजचे पदवीधर, टेनिसमध्ये डेव्हिस चषकासाठी चीनकडून खेळलेले. युद्धकाळात लिव्हरपूलला चिनी खलाश्यांच्या गाऱ्हाण्यांचा निवाडा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे त्यांनी चिनी स्वयंपाकावर अनेक पुस्तके लिहिली आणि १९८० साली लंडनमध्ये स्वतःचे उपाहारगृह काढले.

रंगभूमीवर मात्र फू मांचूची सावली दीर्घकाळ रेंगाळली. शांघायचे थोर ऑपेरा-नट चौ शिनफांग यांची कन्या त्साई चिन हिने लंडनच्या राजमान्य नाट्यविद्यालयात शिक्षण घेतले आणि १९५९ साली ‘सूझी वाँग’च्या मुख्य भूमिकेने नाव कमावले, पण चित्रपटांत तिच्या वाट्यास आली ती फू मांचूच्या मुलीची भूमिका. तिकडे सांस्कृतिक क्रांतीत तिच्या वडिलांचा अनन्वित छळ झाला. वॉरिंग्टनला जन्मलेला बर्ट क्वोक १९६४ पासून ‘पिंक पँथर’ चित्रमालिकेत मालकावर अचानक झडप घालणारा नोकर केटो म्हणून जगभर ओळखला गेला. तो विनोदी नट उत्तम होता, भूमिका मात्र नोकराची ती नोकराचीच. १९८१ साली बी.बी.सी.ने ‘द चायनीज डिटेक्टिव्ह’ ही मालिका दाखविली, तेव्हा चिनी खलाश्याचा लिव्हरपूलमध्ये जन्मलेला मुलगा डेव्हिड यिप हा पोलिस अधिकाऱ्याच्या मुख्य भूमिकेत दिसला. नायक चिनी आणि बोली अस्सल इंग्लिश, हे ब्रिटिश प्रेक्षकांस नवीन होते.

विज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे ते चार्ल्स काओ. १९३३ साली शांघायमध्ये जन्मलेले काओ वुलिच पॉलिटेक्निकमधून १९५७ साली पदवीधर झाले आणि एसेक्समधील हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन प्रयोगशाळेत काम करू लागले. काचेच्या तंतूतून प्रकाश वाकवून नेता येतो, हे तत्पूर्वीच ठाऊक होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात भारतीय शास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानी यांनी १९५० नंतरच्या काळात त्यावर मोलाचे काम केले होते. अडचण अंतराची होती. त्या काळच्या उत्तम काचेतही वीस मीटर जाईतो प्रकाशाचा शंभरांत एक भाग कसाबसा उरे. हा दोष तंतूच्या घडणीचा असावा, असा बहुतेकांचा तर्क होता. काओ व त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकम यांनी १९६६ सालच्या निबंधात दाखवून दिले की, दोष काचेतील लोहादी अशुद्ध द्रव्यांचा आहे. ती काढून टाकल्यास एक किलोमीटर गेल्यावरही शंभरांत एक भाग प्रकाश शिल्लक राहील आणि तेवढा संदेशवहनास पुरे. चारच वर्षांत, १९७० साली, अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने तशी काच तयार केली. आज समुद्रतळावरून खंडाखंडांना जोडणाऱ्या तारा याच तत्त्वावर चालतात. काओ यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००९ साली, निबंधानंतर त्रेचाळीस वर्षांनी. तोवर त्यांस स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते. स्टॉकहोमचे व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिले. त्या ब्रिटनमध्येच जन्मलेल्या चिनी वंशाच्या अभियंत्या.

फू त्सुंग या पियानोवादकाने १९५५ च्या वॉर्सा येथील शोपँ स्पर्धेत तिसरे पारितोषिक मिळविले आणि १९५८ च्या अखेरीस लंडनमध्ये आश्रय घेतला. त्याचे वडील, अनुवादक फू लेई, आणि आई यांनी १९६६ साली छळास कंटाळून आत्महत्या केली. वडिलांनी मुलास लिहिलेली पत्रे पुढे चीनमध्ये घरोघर वाचली गेली. फू त्सुंग २०२० साली लंडनमध्येच करोनाने वारला. कादंबरीकारांत टिमथी मो (जन्म १९५०) याने लंडनमधील टेकअवे चालविणाऱ्या कुटुंबावर लिहिलेली ‘सावर स्वीट’ १९८२ साली बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. १९७८ साली ब्रिटनला आलेल्या युंग चांग हिने यॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि १९९१ च्या ‘वाइल्ड स्वान्स’मध्ये आजी, आई व आपण अशा तीन पिढ्यांची हकीकत सांगितली.

राजकारणात प्रवेश सर्वांत उशिरा झाला. हाँगकाँगहून १९७४ साली बेलफास्टला आलेल्या ॲना लो यांनी प्रथम समाजसेविका म्हणून काम केले आणि २००७ साली दक्षिण बेलफास्टमधून त्या उत्तर आयर्लंडच्या विधानसभेवर निवडून आल्या. ब्रिटनमधील कोणत्याही विधिमंडळात निवडून गेलेल्या त्या पहिल्या चिनी सदस्य. कॅथलिक व प्रॉटेस्टंट हीच जेथे माणसाची ओळख, तेथे या दोहोंत न बसणाऱ्या स्त्रीस लोकांनी दोनदा मते दिली, हे लक्षणीय आहे. परंतु वंशद्वेषी शिवीगाळीस कंटाळून २०१४ साली त्यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. २०१५ साली ॲलन मॅक हे हॅवंट मतदारसंघातून निवडून येऊन कॉमन्स सभागृहातील चिनी वंशाचे पहिले सदस्य ठरले. त्यांचे आईवडील यॉर्कमध्ये टेकअवे दुकान चालवीत. आपण चिनी समाजाचे उमेदवार नसून हॅवंटच्या मतदारांचे आहोत, असे त्यांनी निवडणुकीपूर्वीच सांगून टाकले होते. वृत्तपत्रांनी तरीही मथळ्यात त्यांच्या मतदारसंघाआधी त्यांचा वंशच छापला.