चित्ता पाहताना : गाडीतून निरीक्षणाचा एक पाठ

आपल्या चामराजपेटचे आणि म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाचे वय जवळजवळ सारखेच आहे. दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ही पेठ १८९२ च्या सुमारास वसली. ते प्राणिसंग्रहालयही त्यांनीच १८९२ मध्ये सुरू केले. २०२० मध्ये तिथे दक्षिण आफ्रिकेतून तीन चित्ते आले. सुट्टीत ते पाहून आलेले कॅडेट वर्गात हमखास ‘बिबट्या पाहिला’ असे सांगतात. त्यात त्यांचा सगळा दोष नाही. कन्नडमध्ये ‘चिरते’ म्हणजे बिबट्या, चित्त्याला ‘सिवंगी’ म्हणतात. घरी मराठी आणि रस्त्यावर कन्नड बोलणाऱ्या मुलांचा गोंधळ होणारच.

ओळख मात्र सोपी आहे. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत काळी रेघ असते. त्याचे ठिपके भरीव असतात, तर बिबट्याचे फुलासारखे मोकळे. बिबट्या रात्रीचा आणि झाडावरचा, चित्ता बहुधा दिवसाचा आणि मोकळ्या माळावरचा. चित्त्याची नखे पूर्ण आत जात नाहीत. धावपटूच्या खिळ्यांच्या बुटासारखी ती जमिनीत रुततात.

त्याच्या वेगाविषयी मोठमोठे आकडे सांगितले जातात. बोत्सवानात पाच चित्त्यांच्या गळ्यात यंत्रपट्टे घालून ३६७ धावा मोजल्या गेल्या. २०१३ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सर्वांत मोठा वेग ताशी ९३ किलोमीटर भरला आणि सरासरी धाव होती अवघी १७३ मीटर. म्हणजे आपल्या मैदानाच्या अर्ध्या फेरीहूनही कमी. बहुतेक शिकारी त्याने याहून कितीतरी कमी वेगात केल्या. त्याची खरी ताकद आहे झटकन वेग घेण्यात, झटकन कमी करण्यात आणि वळण्यात. तेवढ्या धावेत साधले नाही, तर तो शिकार सोडून देतो.

आता कोल्हापूरकडे वळू. तिथे संस्थानकाळात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. त्यांना शिकवणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपडे घालून त्याला गाडीवर बसवीत आणि कळपाच्या जवळ नेत. टोपडे काढले की पुढचे काम त्याचे. काळवीट गाडीला का भीत नसे? रानात शेतकऱ्यांच्या गाड्या रोज फिरत, त्यातलीच ही एक असे त्याला वाटे. माणूस पायी चालत आला असता, तर तो केव्हाच पसार झाला असता. लपण्यासाठी झुडूपच लागते असे नाही, रोजच्या ओळखीची वस्तूही आडोसा होते. फील्डक्राफ्टच्या तासाला हे उदाहरण लक्षात ठेवा.

पण हे चित्ते आणायचे कुठून? पाळलेल्या चित्त्यांना पिल्ले होत नसत. जहांगीर बादशहाच्या काळात एकदाच झाल्याची नोंद आहे. म्हणून प्रत्येक नवा चित्ता रानातून पकडावा लागे. माद्या गेल्या, पिल्ले गेली, माळरानांची शेते झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कोल्हापूर आणि भावनगर ही संस्थाने आफ्रिकेतून चित्ते मागवू लागली होती. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले.

आज लोक आफ्रिकेत जातात ते पाहायला. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द, प्रवास या अर्थाचा. तो अरबीतून आला आणि आपली ‘सफर’ही तिथूनच आली. बंगळूरचीही पुष्कळ कुटुंबे आता केनियातल्या मसाई माराला जातात. तिथले चित्ते गाड्यांना सरावलेले आहेत. कधीकधी ते गाडीच्या टपावर चढून टेहळणीही करतात. ते पाहून पर्यटकाला वाटते, आपला त्याला काहीच त्रास नाही. कोल्हापूरच्या काळविटालाही गाडीचे काही वाटत नव्हते!

मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची गर्दी फार, तिथे एका वेतातली सरासरी ०.२ पिल्ले स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत जगली. जिथे गर्दी कमी, तिथे २.३. पर्यटक पिल्लांना मारतात असे कुठेही दिसले नाही. सिंह आणि तरस पिल्ले मारतात ते दोन्हीकडे आहेतच. अभ्यासकांचा कयास असा की गाड्यांमुळे आईची शिकार हुकते किंवा मिळालेली शिकार टाकून तिला जावे लागते, आणि मग पिल्लांना पुरेसे मिळत नाही. चित्ता दिवसा शिकार करतो आणि आपणही दिवसाच जातो, हे त्याचे दुर्दैव.

एका प्राण्याजवळ पाचच गाड्या आणि निदान २५ मीटर अंतर असा मारात नियम आहे. पण दुसरी गाडी पुढे गेली की आपल्या गाडीतलेच कुणीतरी चालकाला ‘अजून थोडं पुढे घ्या’ म्हणते, बक्षिसीच्या आशेने चालकही घेतो. पालकांनी हे वाक्य गिळून टाकावे. चित्ता मान खाली घालून दबकत चालला असेल, तर त्याची नजर कुठे आहे ते पाहा आणि त्या रेषेत गाडी आणू नका. आई आणि पिल्ले यांच्या मध्ये तर मुळीच नको. इंजिन बंद ठेवा आणि उभे राहू नका, कारण बसलेल्या माणसांसह गाडी ही त्याला एकच वस्तू वाटते. उभा राहिलेला माणूस त्यातून वेगळा दिसतो.

हेच आता आपल्या देशातही लागू आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोला आले. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले, त्यांना वायुदलाच्या सी-१७ विमानाने ग्वाल्हेरला आणि तिथून हेलिकॉप्टरने कुनोला नेले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गळपट्ट्याखाली जखमा चिघळून काही दगावले. दक्षिण गोलार्धातला हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. जुन्या सवयीने त्यांच्या अंगावर दाट केस आले, त्यांत ओल साठली. दिशा आणि ऋतू बदलले की सराव कसा अंगावर उलटतो ते यात दिसते. नंतर सगळ्यांचे पट्टे काढून त्यांना काही काळ कुंपणात ठेवावे लागले.

म्हैसूरला जाणाऱ्यांसाठी गृहपाठ : पिंजऱ्यासमोर दहा मिनिटे न बोलता उभे राहा. वेळ, वाऱ्याची दिशा, अंदाजे अंतर आणि चित्त्याची नजर कुठे होती, या चार गोष्टी वहीत लिहा. फोटो त्यानंतर काढा.